सोंग आणि स्मरण : जव्हार-मोखाड्याचा बोहाडा व व्हिडिओ गेममधील पात्र

एखादे पात्र आस्वादकाच्या स्मरणात दीर्घकाळ का टिकते, या प्रश्नाचा विचार मराठी समीक्षेने प्रामुख्याने कादंबरी आणि नाटक यांना समोर ठेवून केला. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये मांडलेला सपाट व गोलाकार पात्रांचा भेद त्या विचाराचा जवळजवळ गृहीत पाया बनला. ज्याच्या अंतरंगात गुंतागुंत आणि परिवर्तनाची शक्यता अधिक, ते पात्र श्रेष्ठ, ही धारणा त्यातून रूढ झाली. मात्र सपाट पात्र चटकन ओळखू येते आणि नंतर सहज आठवते, हे फॉर्स्टर यांनीच नोंदविले होते. श्रेष्ठतेच्या चर्चेत ही नोंद मागे पडली. व्हिडिओ गेममधील पात्रांनी ती पुन्हा ऐरणीवर आणली आहे, कारण ज्यांच्या अंतरंगाविषयी जवळजवळ काहीही सांगितले जात नाही अशा आकृती तेथे चार दशकांहून अधिक काळ लोकस्मृतीत वावरत आहेत. त्यांचा उलगडा कादंबरीच्या परिभाषेने होत नाही. त्यासाठी लागणारी संकल्पना मराठीत 'सोंग' या शब्दाने उपलब्ध आहे, आणि तिचे एक जिवंत क्षेत्र जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ पट्ट्यात आहे.

जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. आज जव्हार आणि मोखाडा हे १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या पालघर जिल्ह्याचे तालुके आहेत. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा समाजांची वस्ती असलेल्या या भागात होळीनंतर पावसाळा सुरू होईपर्यंतच्या काळात गावोगाव बोहाडा होतो. नाशिक जिल्ह्याच्या लगतच्या तालुक्यांतही तो आढळतो, आणि डांगमध्ये त्याचे नाव भवाडा असे होते. गणपती आणि सरस्वती यांची सोंगे प्रथम येतात. नंतर मारुती, रावण, नरसिंह, भीम, वेताळ अशी एकामागून एक सोंगे रात्रभर नाचतात आणि उत्सवाचा कळस जगदंबा व महिषासुर यांच्या युद्धाने होतो. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात, साथीला संबळ आणि सनईसारखी वाद्ये असतात. सारा भर संवादावर नसून नाचावर असतो.

या प्रयोगाची पहिली अट ओळखीची आहे. टेंभ्यांच्या हलत्या उजेडात, गर्दीच्या पलीकडून, सोंग दिसताक्षणी कोणाचे आहे हे कळले पाहिजे. मुखवट्याचे डोळे मिटत नाहीत, ओठ हलत नाहीत, चेहऱ्यावरचा भाव पालटत नाही. मुद्राभिनयाचे सारे मार्ग बंद झाल्यावर उरतात ते आकार, रंग आणि चाल. रावणाच्या दहा तोंडांची आडवी रांग, गणपतीची सोंड, मारुतीचे पुढे आलेले तोंड ही वैशिष्ट्ये बाह्यरेषेतच ओळख सिद्ध करतात. उरलेले काम पाय आणि ताल करतात. भरताच्या नाट्यशास्त्रात वेषभूषादी आहार्य अभिनयाइतकाच गतीचाही स्वतंत्र विचार आहे. कोणत्या पात्राने कसे चालावे याला तेथे एक अध्याय दिलेला आहे. शास्त्रीय परंपरेने जे ग्रंथात बांधले, ते बोहाड्यात अंगवळणी पडून टिकले. चाल हा पात्राचा अलंकार नसून पात्राचे स्वरूपच होय, हे दोन्हीकडे गृहीत आहे.

ओळखीची हीच अडचण १९८०च्या सुमारास जपानमधील यंत्रखेळांच्या रचनाकारांपुढे उभी राहिली. टेंभ्याच्या अंधुक उजेडाच्या जागी तेथे पडद्यावरील मोजके ठिपके आणि मोजके रंग होते. १९८१ मध्ये शिगेरू मियामोतो यांनी 'डाँकी काँग' या खेळासाठी जी आकृती रचली, तिला अवघ्या सोळा गुणिले सोळा ठिपक्यांचा चौकोन मिळाला होता. केस रेखाटणे अवघड म्हणून टोपी आली. एवढ्याशा चेहऱ्यात तोंड दाखवता येईना, म्हणून नाकाखाली मिशी आली. हातांची हालचाल अंगापासून वेगळी दिसावी म्हणून वेषाचे रंग तसे योजले गेले. या आकृतीला आरंभी केवळ उडी मारणारा अशा अर्थाचे नाव होते. 'मारिओ' हे नाव मागाहून आले. प्रथम सुतार असलेला हा मनुष्य १९८३च्या खेळात नळकाम करणारा झाला आणि कोणाचेही काही अडले नाही. चरित्र बदलले, बाह्यरेषा आणि उडी कायम राहिली, आणि ओळखही कायम राहिली.

तोरू इवातानी यांच्या १९८० मधील 'पॅकमॅन'मधील चार भुते याहून उद्बोधक आहेत. आकाराने ती सारखीच आहेत, भेद रंगाचा आणि चालीचा आहे. तांबडे भूत थेट पाठलाग करते. गुलाबी भूत पॅकमॅनच्या पुढची जागा हेरून वाट अडवू पाहते. निळसर भुताचा नेम नसतो. नारिंगी भूत जवळ आले की भलतीकडेच वळते. जपानी भाषेत त्यांना दिलेली स्वभावनामे पाठलाग करणारा, दबा धरणारा, लहरी आणि वेड पांघरणारा अशा अर्थाची आहेत. येथे स्वभाववर्णनाचे एकही वाक्य नाही. आवर्तनाने घडणारी वर्तणूक हाच स्वभाव आहे, आणि खेळणारा तो हरून हरून शिकतो.

तथापि बाह्यरेषा आणि चाल एवढ्याने स्मरणाचा प्रश्न संपत नाही. ठसठशीत आकृती जाहिरातीतही असतात आणि विसरल्या जातात. सोंगाचे वेगळेपण असे की ते आतून रिकामे असते आणि ते कोणीतरी घ्यावे लागते. व्यवहारात 'सोंग' या शब्दाला खोटेपणाचा अर्थ चिकटला. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण त्याच अर्थाची आहे. बोहाड्यातील सोंग मात्र फसवणूक नव्हे. अनेक गावांत विशिष्ट सोंगाचा मान विशिष्ट घराण्याकडे असतो. मुखवट्याखालचे पाय कोणाचे आहेत हे पाहणाऱ्यांना ठाऊक असते, आणि तरीही समोर देव किंवा दैत्य नाचत असतो. शेजारी आणि देव एकाच वेळी दिसणे, ही दुहेरी दृष्टी बोहाड्याच्या आस्वादाचा गाभा होय. व्हिडिओ गेममध्ये ही दृष्टी खेळणाऱ्याच्या ठायी एकवटते. नट तोच, प्रेक्षकही तोच. पात्र खड्ड्यात पडले की तो 'मी पडलो' असे म्हणतो. हा प्रथमपुरुष कादंबरीच्या वाचकाच्या तोंडी सहसा येत नाही. मुखवट्यात फार भाव कोरला तर घेणाऱ्याला जागा उरत नाही. पात्राचे अंतरंग फार भरले तर खेळणाऱ्यालाही ती उरत नाही. समीक्षेने ज्याला उणीव मानले, ते सपाटपण येथे सामावून घेण्याची क्षमता ठरते.

या दृष्टीने पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा, २०२० मध्ये प्रकाशित झालेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ तपासण्याजोगा आहे. राजी ही सर्कशीतील कसरतपटू मुलगी. असुरांनी पळवलेल्या भावाच्या शोधात ती निघते आणि दुर्गेचा त्रिशूळ तिच्या हाती येतो. देवी आणि असुर यांच्या युद्धाचे जे आशयसूत्र बोहाड्याचा कळस साधते, तेच येथे वेगळ्या वेषात वावरते. खेळात राजी दुरून, प्रचंड वास्तूंच्या पार्श्वभूमीवर लहान दिसते आणि कथाभाग छायाबाहुल्यांच्या शैलीत उलगडतो. म्हणजे रचनाकारांनी बाह्यरेषेवरच भिस्त ठेवली आहे. तिची शक्ती वरदानाइतकीच कसरतीतून येते. खांबावरून झोके घेणारी, भिंतीवरून धावणारी ही चालच तिची ओळख होय. तरीही मारिओप्रमाणे ती प्रतिमारूप झाली असे म्हणता येत नाही, आणि हा रचनेचा दोष नव्हे. प्रतिमा रचनेने सिद्ध होते, रुजते ती आवर्तनाने. मारिओ खेळामागून खेळात परतला, रावण दर उन्हाळ्यात परततो. राजीला एकच रात्र मिळाली आहे.

साम्य येथवरच नेता येते. मारिओची मालकी एका कंपनीकडे आहे, आणि यंत्र विकत घेणारा कोणीही ते सोंग घेऊ शकतो. बोहाड्यातील सोंग गावाचे असते, त्याचा मान वारशाने येतो आणि ते घेण्यासाठी माणूस गावात असावा लागतो. भातकापणीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी होणारे स्थलांतर हे जव्हार-मोखाड्याचे कठोर वास्तव आहे. परतणाऱ्या पावलांवर सोंगाचे परतणे अवलंबून आहे. दुसरीकडे मुखवटा हस्तकलेची वस्तू म्हणून शहरातील भिंतींवर पोहोचला आहे. त्यातून कारागिराला चार पैसे मिळतात, ही गोष्ट क्षुल्लक नाही. परंतु भिंतीवरचा मुखवटा म्हणजे सोंग, असे मानणे ही मोठी सैद्धांतिक चूक ठरेल. कपाटात मांडलेली मारिओची बाहुली पाहून त्याची उडी समजत नाही, तसा टांगलेला रावण पाहून त्याचा नाच समजत नाही.

पात्र स्मरणात राहते ते आकृतीमुळे, हे अर्धेच उत्तर होय. आकृती ओळख देते. स्मरण देतो तो देह, ज्याने ती चाल एकदा तरी चालून पाहिली आहे किंवा शेजाऱ्याला चालताना पाहिली आहे. नव्या माध्यमांची पात्रमीमांसा करू पाहणाऱ्या समीक्षेने म्हणूनच मुखवट्याच्या आधी त्याखालच्या पावलांकडे पाहिले पाहिजे. जव्हार-मोखाड्यात ती पावले अजून तालावर पडत आहेत, तोवर हा अभ्यास ग्रंथाबाहेरही करता येण्याजोगा आहे.