गाव सोडून कामाला गेलात, तर पाच लाखांचं आरोग्य कार्ड तिकडे चालतं का?

दिवाळी झाली की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. लहान मुलंही सोबत असतात. नोकरीसाठी जर्मनीला निघालेल्या मुलाला व्हिसासाठीच आरोग्य विमा दाखवावा लागतो. भिवंडीला निघालेल्या कुटुंबाला मात्र याबद्दल कुणी काही विचारत नाही. मग तिथे कुणी आजारी पडलं, तर?

आधी सरळ उत्तर. हो, कार्ड चालतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यभर लागू आहे. तुमचं रेशनकार्ड शहापूरचं असलं तरी योजनेत असलेल्या राज्यातल्या कुठल्याही रुग्णालयात तुम्ही दाखल होऊ शकता. २०२३ च्या निर्णयानंतर पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही रेशनकार्ड यात धरलं जातं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत तुमचं नाव असेल, तर गुजरातला कामाला गेलात तरी तिथल्या यादीतल्या रुग्णालयात कार्ड दाखवता येतं.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण कागदांची. रेशनकार्ड बऱ्याचदा गावी म्हाताऱ्यांकडे राहतं, कारण धान्य तिथे उचलायचं असतं. नव्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असतं आणि भट्टीवर जन्मलेल्या बाळाचं नाव कुठेच नसतं. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन मोहिमेत आधार आणि आयुष्मान कार्ड काढून देण्याचं काम आहे. पण शिबिर वाडीत लागलं आणि कुटुंब भट्टीवर असलं, तर त्याचा काय उपयोग? त्यामुळे ही कामं दिवाळीच्या आधी उरकलेली बरी.

दुसरी गोष्ट अनेकांना माहीतच नसते. या दोन्ही योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या, ठरलेल्या यादीतल्या उपचारांसाठी आहेत. पोराला ताप आला, जुलाब झाले, हाताला जखम झाली आणि डॉक्टरने तपासून गोळ्या दिल्या, तर तो खर्च त्यात बसत नाही. भट्टीवरचे रोजचे आजार नेमके हेच असतात. त्यासाठी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा सरकारी रुग्णालय गाठायचं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बाळाच्या लसींसाठीही गावी यायची गरज नाही. लसीकरणाचं कार्ड सोबत ठेवा, पुढचा डोस तिथल्या केंद्रात मिळतो.

साप चावला तर मात्र योजनेचं रुग्णालय शोधत बसू नका. १०८ ला फोन करा आणि सगळ्यात जवळच्या सरकारी रुग्णालयात पोहोचा.

आता उलटी बाजू. मुरबाडच्या एमआयडीसीत किंवा आसनगावच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला कामगार असेल, तर गावचं आयुष्मान कार्ड त्यालाही इथे चालतं. पण महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांनी आधी पगाराची पावती बघावी. त्यात ईएसआयची ०.७५ टक्के कपात दिसत असेल, तर कामगार विम्याच्या दवाखान्यात बाह्यरुग्ण उपचारही मिळतात आणि आजारपणाच्या रजेचा पैसाही. कंत्राटी कामगारांनाही हा हक्क आहे. हंगामी कारखाने मात्र यातून वगळलेले, त्यामुळे वीटभट्टीवरच्या मजुराला हा आधार सहसा मिळत नाही. ज्याला तो सगळ्यात जास्त लागतो, तोच बाहेर!

योजनेच्या रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारा. कागद तपासणं आणि मंजुरीसाठी अर्ज पाठवणं त्याच्याकडे असतं. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेण्याचीही सोय आहे, त्यामुळे ‘आधी रेशनकार्ड आणा’ म्हणून कुणी परत पाठवत असेल तर तिथूनच फोन लावा. फुले योजनेसाठी १५५३८८, आयुष्मानसाठी १४५५५. यादीतल्या उपचारासाठी पैसे मागितले तरी तक्रार याच नंबरांवर करायची.