पेट्रोलच्या काट्याचे कूळ

जुन्या मोटारीतील पेट्रोलचा काटा बिघडला, की मालक त्या काट्यालाच दूषण देतो आणि मिस्त्रीही बहुधा मीटर बदलण्याचाच सल्ला देतो. वस्तुतः त्या काट्याला पेट्रोलचे दर्शन कधीच घडत नाही. टाकी पाठीमागे, काटा पुढे, आणि मध्ये फ्लोट, तारेचे वेटोळे, वायर, स्थिरक अशी मध्यस्थांची एक मालिका. त्यांची जबानी मालकापुढे रुजू करणे, एवढाच काट्याचा अधिकार. हे मध्यस्थ एकाच काळी जन्मलेले नाहीत. प्रत्येकाची उत्पत्ती निराळ्या शतकात, निराळ्या प्रयोजनासाठी झालेली आहे, आणि ज्याला हे कूळ ठाऊक आहे त्याला दोषाचे ठिकाण शोधण्यास फारसे सायास पडत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

कुळाचा मूळपुरुष म्हणजे फ्लोट. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने जी जलघटिका रचली, तिच्यात पाण्याच्या वाढत्या पातळीबरोबर वर चढणारा एक तरंगता भाग होता व त्याला जोडलेला दर्शक स्तंभावरील खुणांवर काल दाखवीत असे. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने आपल्या ग्रंथात या यंत्राचे वर्णन करून ठेवले आहे. द्रवाची पातळी तरंगत्या वस्तूने जाणावी आणि दर्शकाने बाहेर दाखवावी, हे तत्त्व तेव्हापासून आजतागायत बदललेले नाही. म्हणून पहिला संशयही याच वृद्ध पुरुषावर घ्यावा. पितळी फ्लोटच्या सांध्याला बारीक चीर गेली, की आत पेट्रोल शिरते, फ्लोट बुडतो, आणि टाकी काठोकाठ भरली तरी काटा तळ सोडीत नाही. काढलेला फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत खळखळ ऐकू आली, म्हणजे वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही.

मोटारीला मात्र हे तत्त्व पहिल्याच दिवशी सुचले नाही. 1908 साली निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत टाकी पुढच्या आसनाखाली असे; पेट्रोल किती आहे हे पाहावयाचे, तर खाली उतरून गादी उचलावी आणि लाकडी पट्टी टाकीत बुडवून ओल कोठवर आली ते वाचावे. फोक्सवॅगनच्या बीटल गाडीने तर विसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या आरंभापर्यंत काट्याशिवायच संसार केला. तिच्यात पायाने फिरवावयाची एक चावी असे आणि इंजिन अडखळू लागले, की ती फिरवून राखीव साठा खुला करावयाचा. आपल्याकडे स्कूटर चालविलेल्या प्रत्येकाच्या तोंडी असलेले ‘गाडी रिझर्व्हला लागली’ हे वाक्य याच व्यवस्थेतून आलेले आहे. टाकीत कमीअधिक उंचीची दोन तोंडे. उंच तोंड उघडे पडले, की तळालगतचे तोंड चालू करावयाचे. या व्यवस्थेत वीज नाही, म्हणून तिला विजेची दुखणीही नाहीत.

मॉडेल टीनंतर आलेल्या फोर्डच्याच मॉडेल ए गाडीत टाकी थेट चालकाच्या पुढ्यात आली आणि बुचाच्या लाकडाचा फ्लोट आपल्या दांडीने समोरचे आकडे स्वतःच फिरवू लागला. टाकी मागे गेलेल्या गाड्यांसाठी काही काळ हवेच्या दाबाने तांबडा द्रव चढविणारी काचनळी वापरली गेली. परंतु हवेची नळी कोठे किंचित जरी गळली तरी तिचे माप खोटे पडे. टिकाऊ मार्ग विजेचाच ठरला. 1843 साली चार्ल्स व्हीट्स्टनने विद्युत्प्रवाह कमीअधिक करण्याचे जे साधन विद्वानांपुढे मांडले, तेच टाकीत येऊन बसले: फ्लोटची दांडी रोधक तारेच्या वेटोळ्यावर एक स्पर्शक फिरविते आणि पातळीप्रमाणे रोध पालटतो. ही तार जेथे झिजली, नेमक्या त्या पातळीवर काटा दचकतो; त्याच्या वर आणि खाली तो सुरळीत चालतो.

या पिढीची परीक्षा सोपी आहे. किल्ली चालू ठेवून टाकीकडून येणारी वायर मीटरच्या बाजूला सोडवावी, म्हणजे काटा एका टोकाला जातो. ती वायर जेथे जोडलेली होती ते मीटरचे टोक बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला क्षणभर टेकविले, की तो दुसऱ्या टोकाला जातो. कोणत्या टोकाला कधी, हे गाडीगणिक निराळे. काटा दोन्हीकडे गेला, तर मीटर निर्दोष. तपास वायरकडे आणि टाकीकडे वळवावा. उघड्या टाकीजवळ मात्र ठिणगी पडू देऊ नये, आणि टाकीतील फ्लोट व वेटोळ्याचा संच, म्हणजे सेंडर, काढण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवावी, याविषयी कोणी हयगय करू नये.

कुळातील सर्वांत थोर पुरुष मला जॉन हॅरिसनच्या घड्याळात भेटतो. सुतारकामातून वर आलेल्या या इंग्रज कारागिराने, 1759 साली पूर्ण झालेल्या आपल्या तिसऱ्या सागरी कालमापकासाठी, पितळ व पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र रिवेट करून एक जोडपट्टी घडविली. दोन धातू उष्णतेने असमान वाढतात, म्हणून ती पट्टी वाकते. विसाव्या शतकातील साठच्या दशकाच्या मध्यापासून स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या मीटरांत हीच पट्टी प्रवाहाच्या उबेने वाकून काटा हलवू लागली. किल्ली फिरविल्यावर काटा सावकाश चढतो, तो यामुळेच. परंतु बॅटरीचा दाब कमीजास्त झाला तर माप चुकणार, म्हणून मीटरच्या मागे एक स्थिरक बसविण्यात आला. त्याच्या पोटातही हॅरिसनचीच पट्टी: ती तापून प्रवाह तोडते, निवून पुन्हा जोडते, आणि सरासरी 10 व्होल्ट पुढे पाठविते. त्याच्या बाहेरच्या टोकाला टेस्ट लॅम्प लावला, तर तो उघडझाप करतो. अखंड पेटला तर स्पर्श चिकटला आहे, अथवा स्थिरकाच्या डबीचे अर्थिंग सुटले आहे. पेट्रोल आणि इंजिनाची उष्णता असे दोन्ही काटे एकाच स्थिरकावर असून दोन्ही एकदम चढू लागले, तर टाकीला हात लावण्याचे प्रयोजनच नाही.

अर्थिंगचे महत्त्व येथेच संपत नाही. सेंडरला वायर एकच. परतीचा मार्ग टाकीच्या पत्र्यातून, तिच्या बोल्टांतून आणि बॉडीतून. त्या वाटेवर गंज चढला अथवा नव्या रंगाचा थर बसला, की रोध वाढतो आणि काटा खोटे बोलू लागतो. सेंडरच्या चकतीपासून बॉडीपर्यंत एक स्वतंत्र वायर ओढून पाहावी. कित्येक मीटर तेवढ्याने नव्या खर्चातून सुटले आहेत.

एवढे करूनही पहिली अर्धी टाकी पुष्कळ काळ पुरते आणि उरलेली अर्धी भराभर संपते, ही तक्रार राहतेच. टाकी बहुधा सरळ बाजूंची नसते, आणि फ्लोटची दांडी वर्तुळाकार फिरते. पातळी आणि साठा यांचे प्रमाण म्हणूनच समान राहत नाही. टाकी रिकामी करून मोजके पेट्रोल ओतीत जावे, प्रत्येक वेळी काटा कोठे थांबतो याची नोंद ठेवावी, आणि दांडी किंचित वाकवून शून्य तेवढे अचूक करून घ्यावे. वरची मापे त्या नोंदीवरून वाचावीत.