योआखीम, रुबिनस्टाइन, मेहता : एका तबकडीची साक्ष

डेका कंपनीने 1976 साली ध्वनिमुद्रित केलेल्या एका एलपीवर दोन नावं शेजारी शेजारी छापलेली आहेत : आर्थर रुबिनस्टाइन आणि झुबिन मेहता. रचना योहानेस ब्राम्सचा डी मायनरमधला पहिला पियानो कॉन्चेर्तो, साथीला इस्रायल फिलहार्मोनिक. पियानोवादकाचं वय 89, कंडक्टर चाळिशीला टेकलेले आणि मुंबईत जन्मलेले. रुबिनस्टाइन यांनी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलेला हा शेवटचा कॉन्चेर्तो. मराठी मुलखात जन्मलेल्या माणसाचा पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासाशी किती जवळून संबंध आला, याचा इतका ठोस पुरावा माझ्या माहितीत दुसरा नाही.

पुरावा म्हटलं की तो तपासावा लागतो. सुरुवात तबकडीपासूनच करू. कव्हर विक्रीसाठी छापलेलं असतं, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवायची ती बेताने. खरी नोंद खोबण्या संपून लेबल सुरू होण्याआधीच्या गुळगुळीत पट्टीत असते. तबकडी दिव्याखाली तिरपी धरली की तिथे कोरलेली अक्षरं दिसू लागतात. डेकाच्या इंग्लंडमध्ये दाबलेल्या स्टिरिओ एलपींवर ‘झेड ए एल’ या अक्षरांनी सुरू होणारा मॅट्रिक्स क्रमांक असतो. त्याच्या पुढचा आकडा ती कितवी कटाई, म्हणजे मूळ तबकडीवर खोबण्या कोरण्याची कितवी खेप, हे सांगतो आणि शेवटचं अक्षर कटाई करणाऱ्या तंत्रज्ञाचं असतं. घड्याळात तीन वाजतात त्या जागी आणखी एकदोन अक्षरं सापडतात, ती स्टॅम्परची, म्हणजे तबकडी दाबणाऱ्या साच्याची. त्यासाठी ‘बकिंगहॅम’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधली दहा अक्षरं आकड्यांसारखी वापरत : बी म्हणजे 1, यू म्हणजे 2, असं करत शेवटचं एम म्हणजे 0. हातातली प्रत सुरुवातीच्या स्टॅम्परवरची की पुष्कळ नंतरची, हे त्यावरून बरंचसं ठरवता येतं. कारखान्यातल्या कामगाराने कामापुरती केलेली ही खूण कुणावर छाप पाडायला केलेली नव्हती, म्हणून तिचं मोल जास्त.

आता माणसं. रुबिनस्टाइन यांनी आत्मचरित्राचे दोन खंड लिहिले. पहिला 1973 मध्ये आला, दुसरा 1980 मध्ये. दुसऱ्या खंडाच्या वेळी दृष्टी इतकी गेली होती की तो तोंडी सांगून लिहून घ्यावा लागला. दोन्ही खंड स्मरणावर उभे आहेत. त्यातल्या रंगतदार हकिगती मी जपूनच घेतो. खुद्द त्यांच्या जन्मसालाबद्दलही जुन्या संदर्भांत एकमत नव्हतं. आज 28 जानेवारी 1887, पोलंडमधलं वूच शहर, ही नोंद सर्वमान्य आहे.

एक गोष्ट मात्र आत्मचरित्राबाहेरही पक्की आहे. लहानग्या आर्थरची पारख करून बर्लिनमधल्या त्याच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली ती व्हायोलिनवादक योसेफ योआखीम यांनी. हे नाव इथे फार महत्त्वाचं आहे. 22 जानेवारी 1859 रोजी हानोव्हरमध्ये हा कॉन्चेर्तो पहिल्यांदा वाजला. पियानोवर स्वतः ब्राम्स होते आणि वाद्यवृंदाचं संचालन करत होते योआखीम. पाचच दिवसांनी लाइपझिगमध्ये श्रोत्यांनी तोच कॉन्चेर्तो हुर्रेवडीवर नेला. त्या फजितीची बातमी ब्राम्सने पत्रातून कळवली तीही योआखीम यांनाच. ज्यांनी हे संगीत पहिल्यांदा उभं केलं त्यांच्या पंखाखाली रुबिनस्टाइन वाढले, आणि 1976 मध्ये रुबिनस्टाइन यांच्या शेजारी उभे होते झुबिन मेहता. 117 वर्षांचं अंतर, आणि मधले दुवे अवघे दोन.

मेहतांकडची बाजूही नीट पाहायला हवी. वडील मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. 1945 मध्ये ते इव्हान गालामियन यांच्याकडे व्हायोलिन शिकायला न्यूयॉर्कला गेले. घरात तालमी चालत, रेकॉर्डी वाजत. झुबिन यांचा जन्म 29 एप्रिल 1936 चा. सेंट झेवियर्समध्ये डॉक्टरकीच्या वाटेवरचं शिक्षण अर्धवट सोडून 1954 मध्ये ते व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे वाद्यवृंदाचं संचालन शिकायला गेले. तिथे कार्ल ब्योम यांच्या संचालनाखाली ब्राम्सची पहिली सिंफनी ऐकली आणि वाद्यवृंदाचा खरा आवाज तेव्हा कळला, असं ते पुढे वारंवार सांगत आले. तोवर युरोपातले थोर वाद्यवृंद त्यांना भेटले ते खरखरत्या तबकड्यांवर. पाचोऱ्यात किंवा जळगावात एलपी लावून ब्राम्स ऐकणाऱ्या माणसाने हे ध्यानात ठेवावं. सभागृहापासून दूर बसून, सुईच्या टोकातून हे संगीत ओळखायचं, ही त्याची आणि 18 वर्षांच्या झुबिनची एकच वाट होती.

रुबिनस्टाइन यांनी हा कॉन्चेर्तो याआधी दोनदा ध्वनिमुद्रित केला होता. 1954 मध्ये शिकागोत फ्रिट्झ रायनर यांच्यासह आणि 1964 मध्ये बॉस्टनमध्ये एरिक लाइन्सडॉर्फ यांच्यासह. 1954 चं काम स्टिरिओतही टिपलं गेलं होतं, पण तेव्हा बाजारात आली ती मोनो तबकडी. ही दोन ध्वनिमुद्रणं हाताशी असल्यामुळेच 1976 च्या मुद्रणाची छाननी करता येते.

या रचनेत पियानोवादकाला बराच वेळ गप्प बसावं लागतं. नगाऱ्यांच्या गडगडाटावर वाद्यवृंद सुरू होतो आणि पियानो येतो तो थेट 91 व्या मापात, तोही हलक्या आवाजात. त्यानंतर लवकरच दोन्ही हातांना अष्टकाच्या अंतरावरचे थरथरते स्वर भेटतात. अंगठा आणि करंगळी ताणून मनगटातून काढायचे हे स्वर तरुण वादकांनाही दमवतात. रुबिनस्टाइन यांची नजर समोरून गेली होती, कडेचं थोडं दिसत होतं. स्वरलिपी वाचता येत नव्हती, पट्ट्या धड दिसत नव्हत्या. मान वर करून कंडक्टरचा इशारा पाहण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे जुळवून घेण्याचा भार मेहतांवर आणि वाद्यवृंदावर होता. याची कबुली कुठल्या कागदावर शोधायला नको, ती खोबण्यांत ऐकू येते. लय आधीच्या दोन मुद्रणांपेक्षा ऐसपैस आहे, आणि पियानो जिथे श्वास घेतो तिथे वाद्यवृंद त्याच्यासाठी थांबतो.

याच कॉन्चेर्तोच्या दुसऱ्या एका प्रसंगाची नोंद याच्या अगदी उलट आहे. 6 एप्रिल 1962 रोजी कार्नेगी हॉलमध्ये ग्लेन गूल्ड वाजवणार होते. वादनाआधी कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन यांनी श्रोत्यांपुढे येऊन, गूल्ड यांच्या संथ लयीशी आपण पूर्णपणे सहमत नाही, असं जाहीर केलं. ते भाषणही ध्वनिमुद्रित झालं. मतभेद बोलला जातो, म्हणून त्याचा दस्तऐवज सहज तयार होतो. समजूतदारपणाने केलेली साथ कुणी बोलून दाखवत नाही. ती ऐकूनच सिद्ध करावी लागते.

मेहतांनी पुढेही पियानोवादकांना अशीच साथ दिली : राडू लुपू आणि व्लादिमीर अश्केनाझी यांना बेटोव्हनच्या पाचही कॉन्चेर्तोंत, डॅनिएल बॅरेनबॉइम यांना ब्राम्सच्या दोन्हींत. त्या तबकड्या जास्त नेटक्या आहेत. वादन म्हणून मी रुबिनस्टाइन यांचं 1954 चं मुद्रण वरचं मानतो. 1976 मध्ये काही ठिकाणी स्वर निसटतात आणि तिसऱ्या भागात दम कमी पडतो, हे मान्य करायलाच हवं. पण ब्राम्सने ज्याच्या हस्तलिखितावर ‘बेनेडिक्टस’ या प्रार्थनेची ओळ लिहिली होती तो मधला संथ भाग इतक्या शांतपणे वाजलेला मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

खानदेशात कुणाकडे ही किंवा अशी कुठलीही तबकडी असेल, तर माझी एकच विनंती आहे. ती विकण्याआधी किंवा भंगारात देण्याआधी लेबलाभोवतीच्या पट्टीतली अक्षरं दोन्ही बाजूंनी उतरवून घ्या, आणि कव्हर तबकडीपासून वेगळं करू नका.