विक्रीस आलेले पेस्टल

* ‘कॅसटचे पेस्टल’ : मेरी कॅसट (१८४४–१९२६) ही पॅरिसमध्ये स्थायिक झालेली अमेरिकन चित्रकार. चित्रकार देगाच्या आग्रहावरून ती इम्प्रेशनिस्टांच्या १८७९ च्या प्रदर्शनात सामील झाली. तिची चित्रे पुढे चित्रविक्रेता पॉल द्युराँ-रुएल विकत असे. पेस्टल म्हणजे रंगाची पूड किंचित डिंकात बांधून केलेली कांडी. रंग वाळण्याची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे एका जागी न ठरणाऱ्या मुलांची चित्रे काढायला हे माध्यम फार सोयीचे. पण रंग कागदावर नुसता टेकलेला असतो. धक्क्याने झडतो, आणि तो पक्का करणारा फवारा जास्त झाला तर उजळपणा मावळतो. म्हणून विकत घेणाऱ्याने खरेदीच्या कागदावर सही करण्याआधी चित्रातल्या मुलीच्या गालांवरची पूड शाबूत आहे का, ते पाहावे. कॅसटची सारी कोवळीक तिथेच असते. काचही चित्राला चिकटलेली नसावी.