चिलखताचे ओझे आणि विरळ हवा

२८ मे १९९९. कारगिलच्या युद्धात हवाई दल उतरल्याचा तो तिसरा दिवस. द्रास भागात तोलोलिंगच्या परिसरात शत्रूने मोर्चे बांधले होते. त्यांच्यावर रॉकेटचा मारा करायला एमआय-१७ जातीची हेलिकॉप्टरे गेली. त्यांपैकी एकावर खांद्यावरून डागलेले क्षेपणास्त्र आदळले आणि आतले चौघेही धारातीर्थी पडले. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट आर. के. साहू ही त्यांची नावे.

कारगिल म्हटले की आपल्याला बोफोर्स तोफा आठवतात, मिराज विमाने आठवतात. हे हेलिकॉप्टर सहसा कुणाला आठवत नाही. मला मात्र लष्करी इतिहास वाचताना या घटनेपाशी नेहमी थांबावेसे वाटते. एमआय-१७ हे मुळात सैनिक आणि सामान वाहून नेणारे हेलिकॉप्टर. त्याला रॉकेटचे नळकांडे जोडता येते, इतकेच. खास लढाईसाठी बांधलेली एमआय-२५ आणि एमआय-३५ ही रशियन हेलिकॉप्टरे तेव्हा आपल्याकडे होती. श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर एमआय-२५ने काम केले होते. मग तोलोलिंगवर ती का गेली नाहीत?

याचे उत्तर दोन शब्दांत देता येते: ओझे आणि हवा. लढाऊ हेलिकॉप्टरचा सगळा इतिहास म्हणजे या दोहोंमधले भांडण आहे.

आपल्या घरातला छताचा पंखा हवा खाली ढकलतो. हेलिकॉप्टरची पातीही तेच करतात आणि खाली ढकललेल्या त्या हवेच्या जोरावर सगळे यंत्र वर तरंगते. पंधरा हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्क्यांवर येते. म्हणजे पात्यांना ढकलायला हवाच कमी मिळते. शिवाय इंजिनालाही हवा कमी पडते, त्यामुळे त्याचीही ताकद घटते. खाली मैदानात जे हेलिकॉप्टर हत्तीसारखे बळकट वाटते, ते डोंगरावर धापा टाकू लागते.

हेलिकॉप्टरवर बंदुका बसवून लढण्याचा उपयोग फ्रेंचांनी १९५०च्या दशकात अल्जीरियाच्या युद्धात केला. पण या शस्त्राला स्वतःचे रूप मिळाले ते व्हिएतनाममध्ये. अमेरिकी सैन्य तिथे ‘ह्यूई’ हेलिकॉप्टरांतून रणांगणावर उतरत असे. त्यांच्या संरक्षणासाठी काही ह्यूईंवर मशिनगन आणि रॉकेटे चढवली, आणि लगेच पंचाईत झाली. शस्त्रांच्या वजनाने हे रक्षक इतके मंदावले की ज्यांचे रक्षण करायचे, तीच हेलिकॉप्टरे पुढे निघून जाऊ लागली!

बेल कंपनीने यावर सोपी युक्ती काढली. ह्यूईचेच इंजिन घेतले आणि धड मात्र जेमतेम तीन फूट रुंदीचे केले. दोन वैमानिक शेजारी न बसता एकामागे एक बसले. समोरून पाहिले तर नेमबाजाला निशाणाच सापडू नये, इतके ते बारीक. ७ सप्टेंबर १९६५ रोजी हे ‘कोब्रा’ प्रथम उडाले आणि १९६७ मध्ये व्हिएतनामला पोहोचले. पुढे तोपची, मागे व थोडा उंचावर वैमानिक, नाकाखाली फिरती तोफ आणि दोन आखूड पंखांना टांगलेली शस्त्रे, हा साचा आजही बहुतेक लढाऊ हेलिकॉप्टरांत दिसतो.

रशियनांनी उलटा विचार केला. त्यांचे एमआय-२४ म्हणजे उडता रणगाडाच. चिलखत, जाड काचा, वर आठ सैनिक बसतील एवढी जागा. सगळे मिळून वजन अकरा-बारा टन. आपली एमआय-२५ आणि एमआय-३५ याच घराण्यातली. अफगाणिस्तानात पहिली काही वर्षे एमआय-२४ची दहशत होती. मात्र सप्टेंबर १९८६ मध्ये जलालाबादजवळ मुजाहिदीनांनी अमेरिकेने दिलेली ‘स्टिंगर’ क्षेपणास्त्रे खांद्यावरून डागून ती हेलिकॉप्टरे पाडली. स्टिंगर इंजिनाच्या उष्णतेचा माग काढत येते. एका माणसाने उचलून नेण्याजोगे हे शस्त्र इतक्या मोठ्या यंत्राला भारी पडले.

तेव्हापासून लढाऊ हेलिकॉप्टरची अर्धी अक्कल दडण्यात आणि चकवण्यात खर्च होऊ लागली. इंजिनातून निघणाऱ्या गरम धुरात थंड हवा मिसळायची, म्हणजे उष्णतेचा माग पुसट होतो. क्षेपणास्त्र येताना दिसले की ‘फ्लेअर’, म्हणजे कडक उष्णतेने जळणारे गोळे बाहेर फेकायचे, म्हणजे क्षेपणास्त्र त्यांच्या मागे भरकटते. तोलोलिंगला पडलेल्या आपल्या हेलिकॉप्टरवर हे फ्लेअर नव्हते. साधन जगात होते, पण त्या दिवशी त्या चौघांपाशी नव्हते. ही गोष्ट मनाला लागते.

आधुनिक लढाऊ हेलिकॉप्टर म्हणजे काय चीज आहे, हे पाहायचे तर अमेरिकेचे ‘अपाचे’ पाहावे. त्याच्या पोटाखाली ३० मिलिमीटरची तोफ आहे. ती मिनिटाला सहाशेहून अधिक गोळे फेकते. वैमानिकाच्या शिरस्त्राणातून उजव्या डोळ्यासमोर एक छोटी काच येते. तीत रात्रीच्या अंधारातले दृश्यही दिसते आणि उड्डाणाची माहितीही. तो मान वळवील तिकडे तोफ वळते. पंखांखाली सोळापर्यंत ‘हेलफायर’ क्षेपणास्त्रे टांगता येतात आणि ती सात-आठ किलोमीटरवरचा रणगाडा फोडतात. काही अपाचेंच्या पात्यांच्याही वर एक घुमटाकार रडार असते. टेकडीमागे दडून फक्त तो घुमट वर काढायचा, पलीकडची लक्ष्ये टिपायची आणि पुन्हा खाली बसायचे.

१७ जानेवारी १९९१ च्या पहाटे आखाती युद्धाचा हवाई हल्ला सुरू झाला, तेव्हा पहिला घाव अपाचेंनी घातला. अंधारात जमिनीलगत जाऊन त्यांनी इराकची दोन रडार ठाणी उडवली आणि विमानांना वाट मोकळी केली. पण याच अपाचेची दुसरी बाजूही इतिहासात आहे. मार्च २००३ मध्ये करबलाजवळ तीसेक अपाचे इराकी तुकड्यांवर चालून गेली. खालून घराघरांतून बंदुका धडाडल्या. एक हेलिकॉप्टर शत्रूच्या हाती पडले आणि बाकीची बहुतेक भोके पडलेल्या अवस्थेत माघारी आली. एवढी महागडी यंत्रे साध्या बंदुकांनी परतवली! लढाऊ हेलिकॉप्टर एकटे पुढे पाठवायचे नसते, हा त्यातला धडा.

आता कारगिलच्या प्रश्नाकडे येऊ. आपली एमआय-३५ चिलखताने जड होती. मैदानात हे चिलखत वैमानिकाचा जीव वाचवते, पण पंधरा हजार फुटांवर तेच त्याला वर उचलू देत नाही. शस्त्रे घेऊन तिथे लढणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून एमआय-१७ गेली आणि त्या घटनेनंतर तीही अशा हल्ल्यांतून मागे घ्यावी लागली.

जगात त्या वेळी विकत मिळणारी लढाऊ हेलिकॉप्टरे युरोपच्या मैदानातले रणगाडे डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली होती. सियाचीनच्या उंचीवर लढणारे हेलिकॉप्टर कुणी बांधलेच नव्हते, कारण तशी गरज आपल्यासारख्यालाच. बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने मग ‘ध्रुव’ या आपल्याच हेलिकॉप्टरच्या पायावर हे काम २००६ मध्ये हाती घेतले. फ्रेंच कंपनीच्या साथीने उंचीसाठी घडवलेले ‘शक्ती’ इंजिन, एकामागे एक बसणारे दोघे, २० मिलिमीटरची फिरती तोफ, ७० मिलिमीटरची रॉकेटे, हवेतल्या लक्ष्यावर सोडायची क्षेपणास्त्रे आणि एकूण वजन सहा टनांच्या आत! म्हणजे एमआय-३५च्या निम्मे. २९ मार्च २०१० रोजी ते प्रथम उडाले. २०१५ मध्ये सियाचीनच्या हेलिपॅडवर उतरणारे ते पहिले लढाऊ हेलिकॉप्टर ठरले. ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूरला ते हवाई दलात दाखल झाले आणि त्याचे नाव ठेवले ‘प्रचंड’. आकाराने लहान असलेल्या या यंत्राला हे नाव द्यावे, यात मला गंमत वाटते.

तोलोलिंगपासून जोधपूरपर्यंत तेवीस वर्षे लागली. दाखल होतानाही त्याच्यापाशी रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र नव्हते. हा विलंब नजरेआड करून नुसती पाठ थोपटणे योग्य नव्हे. २०१९ पासून पठाणकोटला आपली अपाचेही आली. मैदानात आणि वाळवंटात ती, उंचावर प्रचंड, अशी ही विभागणी. २८ मार्च २०२५ रोजी सरकारने आणखी १५६ प्रचंडांचा करार केला. त्यांतली ९० लष्कराला आणि ६६ हवाई दलाला मिळायची आहेत. नाशिक रोडजवळच्या गांधीनगरला लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक तयार होतात. तिथल्या आकाशात घिरट्या घालणारा एखादा तरुण उद्या लडाखमध्ये प्रचंड चालवील.

युक्रेनच्या युद्धानंतर अनेक जण विचारतात, ड्रोनच्या जमान्यात लढाऊ हेलिकॉप्टर हवे कशाला? जपानने तर डिसेंबर २०२२ मध्ये आपली लढाऊ हेलिकॉप्टरे काढून ड्रोन घेण्याचे ठरवले. प्रश्न रास्त आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये कीव्हजवळच्या होस्टोमेल विमानतळावर गेलेल्या रशियन हेलिकॉप्टरांना खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांनी चांगलेच भाजून काढले. पण २०२३च्या उन्हाळ्यात त्यांच्याच का-५२ हेलिकॉप्टरांनी लांबून क्षेपणास्त्रे सोडून युक्रेनचे चिलखती ताफे रोखले. लांबून आणि दडून मारणारे टिकते, पुढे घुसणारे पडते, एवढे त्यातून दिसते.

मला इतिहास सांगतो तो असा: शस्त्र चांगले की वाईट, हे त्याच्या तोफेच्या तोंडावर ठरत नाही. आपली जमीन कुठली, आपले आकाश किती उंच, हे आधी मोजावे आणि मग शस्त्र घडवावे. हा हिशेब शांततेच्या काळात चुकता केला नाही, तर युद्धात त्याची वसुली वैमानिकांच्या प्राणांनी होते. तोलोलिंगच्या त्या चौघांनी ती भरली. पुढच्या हिशेबात फ्लेअरसारखी एवढीशी बाबही कुणी विसरू नये.