सामूहिक संशोधनातील नेतृत्व : महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या संदर्भात

अनेकांनी मिळून करावयाच्या विद्याकार्यात प्रमुखाचे काम नेमके कोणते, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे बहुधा त्याच्या स्वभावगुणांच्या अंगाने केला जातो. तो उद्यमी होता, प्रेमळ होता, शिस्तीचा होता, असे आपण गौरवग्रंथांतून वाचतो. हे गुण नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते दुसऱ्याच्या हाती सोपविता येत नाहीत. सोपविता येते ती पद्धती. हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या इतिहासावरून स्पष्ट दिसते.

अशा आवृत्तीची निकड विंटरनिट्झ यांनी १८९७ मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मांडली होती आणि लूडर्स यांनी १९०८ मध्ये तिचा एक नमुनाही छापला होता. पहिल्या महायुद्धात यूरोपातील हा संकल्प मागे पडला. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर मंदिराने तो हाती घेतला व १ एप्रिल १९१९ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते कार्यारंभ झाला. उतगीकरांनी संपादिलेली विराटपर्वाची प्राथमिक आवृत्ती १९२३ मध्ये विद्वानांच्या अभिप्रायार्थ निघाली. ऑगस्ट १९२५ मध्ये डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिज येथे गणिताचे अध्ययन करून पुढे बर्लिन येथे लूडर्स यांच्या हाताखाली तयार झालेले हे विद्वान होते. त्यांनी कामाची घडी नव्याने बसविली. आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये निघाला व ते पर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले.

हे कार्य एकट्याने होण्यासारखे नव्हते. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ व मल्याळम अशा नाना लिप्यांतील पोथ्या वाचावयाच्या होत्या. त्यासाठी उत्तरेकडील व दक्षिणेकडील शास्त्री आणि विद्यापीठांचे पदवीधर एकत्र बसविण्यात आले. पुण्याखेरीज शांतिनिकेतन व तंजावर येथेही पोथ्या ताडून पाहण्याची व्यवस्था झाली. प्रत्येक श्लोकासाठी स्वतंत्र तक्ता असे व त्यावर प्रत्येक पोथीतील पाठभेद अक्षरागणिक नोंदले जात. वरवर पाहता ही कारकुनी बाब वाटेल. वस्तुतः भिन्न परंपरांत वाढलेल्या माणसांचे श्रम परस्परांशी तोलता यावेत असे सामान्य माप या तक्त्याने निर्माण केले. शास्त्र्याचे पाठांतर आणि पदवीधराचे पुस्तकी ज्ञान यांपैकी श्रेष्ठ कोणते, हा वाद तेथे उद्भवण्याचे कारण उरले नाही. पोथीत काय आहे एवढेच दोघांनाही सांगावयाचे होते.

याहून महत्त्वाची गोष्ट निर्णयाची. पाठ ठरविण्याचा अधिकार अखेर संपादकाचाच होता; बहुमताने पाठ ठरत नाही. परंतु सुकथनकरांनी या अधिकाराला नियमांनी बांधून घेतले आणि ते नियम आदिपर्वाच्या विस्तृत प्रस्तावनेत जाहीर केले. परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या परंपरा जेथे एकमुखाने बोलतात, तो पाठ मूळचा मानावयाचा. जेथे निश्चय होत नाही, तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ द्यावयाची. वगळलेला मजकूरही त्यांनी टाकून दिला नाही. तो तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेवला. गणेशाने व्यासांचा लेखक होण्याची सर्वपरिचित कथा याच न्यायाने परिशिष्टात गेली. लोकप्रिय कथेला मूळ संहितेतून बाहेर काढण्याचे धैर्य त्यांनी दाखविले; त्याचबरोबर तो निर्णय पुन्हा तपासण्याची साधने वाचकाच्या हाती ठेवली. प्रमुखाच्या अधिकाराचे समर्थन याहून अधिक चांगल्या रीतीने करता येईल असे वाटत नाही.

विरोधी मताशी त्यांचा व्यवहारही याच स्वरूपाचा होता. मूळ संहितेच्या शोधाचा आग्रह सोडून प्रचलित नीलकंठी पाठच छापावा व खाली पाठभेद द्यावेत, असे सिल्व्हाँ लेव्ही यांनी सुचविले होते. सुकथनकरांनी ते प्रस्तावनेत नोंदवून त्यास सप्रमाण उत्तर दिले. पुढे नेपाळातील एक प्राचीन पोथी उपलब्ध झाली आणि तिने त्यांच्या अनेक निर्णयांना पुष्टी दिली. तसे झाले नसते, तरी कोठे व का चुकले हे दाखविणे शक्य होते. पद्धतीचे मोल त्यात आहे.

पद्धती उघड असल्यामुळेच कामाची वाटणी शक्य झाली. विराटपर्व रघुवीरांकडे, उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांच्याकडे व सभापर्व अमेरिकेतील फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे गेले. आरण्यकपर्व स्वतः सुकथनकरांनी १९४२ मध्ये पूर्ण केले. २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा निम्म्याहून अधिक पर्वे व्हावयाची होती. प्रमुखाच्या निधनाने काम थांबण्याचाच हा प्रसंग. पण ते थांबले नाही. श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी १९६१ पर्यंत व त्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्यांनी ते पुढे नेले. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत समाप्तीचा समारंभ झाला. एकूण १,२५९ पोथ्यांच्या आधारे १९ खंडांत ही संहिता उभी राहिली.

या यशाची एक उणी बाजू नमूद करणे अवश्य आहे. संपादकांची नावे मुखपृष्ठांवर आली आणि ग्रंथसूचींत टिकली. ज्यांनी वर्षानुवर्षे अक्षरागणिक पोथ्या ताडून पाहिल्या, त्या शास्त्र्यांची नावे अभ्यासकांच्या स्मरणात क्वचितच आहेत. श्रमांचे माप सर्वांना समान होते. श्रेयाचे तसे नव्हते. आजच्या विभागीय प्रकल्पांत संशोधन-साहाय्यकांच्या वाट्यास हीच स्थिती येते, म्हणून हा प्रश्न केवळ ऐतिहासिक मानता येत नाही.

विद्यापीठांत सामूहिक प्रकल्प पुष्कळ आरंभिले जातात आणि प्रमुख निवृत्त होताच त्यांतील अनेक कपाटांत पडून राहतात. अशा वेळी दोष सहसा निधीला किंवा उत्तराधिकाऱ्यांना दिला जातो. त्याआधी एवढेच तपासून पाहावे की, निर्णय कोणत्या नियमाने घेतले जात होते हे प्रमुखाखेरीज दुसऱ्या कोणाला लेखी स्वरूपात ठाऊक होते काय. सुकथनकरांच्या बाबतीत ते दहा वर्षे आधीच छापलेले होते.