ओझं कुणाच्या पाठीवर?

शहापूरहून सापगावला भातसा ओलांडून मुरबाडकडे निघालं, की पुढे टोकावडे, वैशाखरे आणि मग नाणेघाटाची चढण लागते. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याचा माल याच घाटाने जुन्नरला चढे. माथ्यावरच्या गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे आणि जवळचा दगडी रांजण जकातीचा, असं लोक मानतात. एवढ्या राबत्या वाटेवर माणसाने पाठीला बांधायची मोठी पिशवी मात्र फारशी रूढ झाली नाही. माल वाहायला बैल होते. वंजारी-लमाणांच्या तांड्यातला बैल दोन्ही कुशींवर सारखी गोणी घेऊन कोकणचं मीठ वर नेई, देशावरचं धान्य खाली आणी. चालणाऱ्याच्या खांद्यावर असे ती पडशी: तोंड मधोमध, एक खण छातीवर, दुसरा पाठीवर. त्यात धोतरजोडी आणि चार दिवसांचा शिधा मावला की भरली. 1857 साली वरसईहून उत्तरेकडे निघालेले विष्णुभट गोडसे झाशीच्या लुटीत नागवले गेले. परतताना त्यांनी जपून आणली ती आईवडिलांसाठी गंगेची कावड.

यावरून आपले पूर्वज शहाणपणाने कमी सामान घेत, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो अर्धाच खरा आहे. गरिबाकडे घ्यायला फार नव्हतंच, आणि ज्याच्याकडे होतं त्याचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर असे. ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींनी सावकार-जमीनदारांची वेठ किती काळ सोसली, हे 1945 च्या वारली उठावाने जगासमोर आणलं. 1865 मध्ये थळ घाटातून रेल्वे इगतपुरीकडे गेली, तांड्यांचा माल डब्यांत चढला. पण प्रवाशाची ट्रंक आणि वळकटी हमालाकडेच राहिली. पाठीवरच्या सॅकने खरा फरक केला तो इथे. ज्याचं सामान, त्याचीच पाठ.

म्हणूनच लांबच्या प्रवासाला सत्तर लिटरची सॅक घ्यावी, हा सल्ला मला पटत नाही. कुणी म्हणेल, कमरपट्ट्यामुळे भार खांद्यांवरून कमरेवर उतरतो, मग मोठी घ्यायला काय हरकत? अमेरिकेत डिक केल्टी यांनी 1952 पासून ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक विकायला सुरुवात केली, तेव्हापासून हा युक्तिवाद चालत आला आहे, आणि तो खोटा नाही. बर्फात तंबू घेऊन राहणाऱ्याला मोठी सॅक लागतेच. पण पट्टा वजनाची जागा बदलतो, वजन घटवत नाही. आणि मोठी सॅक रिकामी राहत नाही, हे कुठल्याही कपाटाच्या मालकाला ठाऊक आहे. गावोगाव मुक्काम करत, वाटेत कपडे धूत जाणाऱ्याला चाळीस लिटर पुरतात. आधी सामान मांडावं, ते पाठीवर घेऊन तासभर चढ चढून पाहावा, मग सॅक विकत घ्यावी. आणि तरीही काही उरलं, ते वैशाखऱ्यातल्या कुणाच्या खांद्यावर द्यायचं ठरलं, तर मजुरी निघण्याआधी ठरवावी आणि पुरती द्यावी.